बेपत्ता नवऱ्याची आई

ॲफिडेव्हिट तयार होतं. मूर्तिजापूरच्या मंगलाबाईंनी सहीसाठी उचललेला पेन परत माझ्या टेबलावर ठेवला.

"मी माह्या तोंडानं पोराले मेला म्हनू काय, वकीलबाई?"

शेजारी त्यांची सून सुनीता बसली होती. तिचा नवरा घर सोडून गेल्याला आठ वर्षं झाली होती. वरूडचं चांगलं स्थळ आलं होतं, पण ते लोक म्हणत, आधी कोर्टाचा कागद दाखवा. सासूचीही ना नव्हती. अडलं होतं मी निवडलेल्या कायद्याच्या कलमावर. सात वर्षं माणूस जिवंत असल्याचं जवळच्या कोणीच ऐकलं नसेल, तर कायदा त्याला मेला असं धरतो आणि घटस्फोट मिळतो. जवळच्यांत आई पहिली.

आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेली मी पहिली. वऱ्हाडीत कायदा समजावणं मला जमतं, याचा मला अभिमान आहे. त्या दिवशी जमलं नाही. शेवटी सुनीताला चहा सांगायला खाली पाठवलं.

ती उतरली तशा बाई हळूच म्हणाल्या, "तो जित्ता हाय. तीन सालाखाली फोन आल्ता. म्हने, मले शोधू नका, मी तिच्यापाशी वापस येत नाही."

"मंग सांगतलं काहून नाही, मावशी?"

"ते वाट पाहून राहिली होती ना. कसं सांगू?"

मी सुटकेचा श्वास सोडला. सही झाली असती, तर ॲफिडेव्हिट खोटं ठरलं असतं. उद्या नवरा उगवला असता, तर सुनीताचं दुसरं लग्न धोक्यात आलं असतं. उलट, त्या फोननं दुसरं कलम मोकळं झालं. जोडीदार विनाकारण दोन वर्षं सोडून गेला, तरी घटस्फोट मिळतो. परत यायचं नाही, हे तर त्यानं आईला स्वतःच सांगितलं होतं.

चहा आल्यावर बाईंनीच सुनेला सगळं सांगितलं. सुनीतानं कप बशीत ठेवला. मग म्हणाली, "पहिलेच सांगतलं असतं, आई, त माहे वटसावित्रीचे उपास त वाचले असते."

आधी बाईच हसल्या.

अकोल्याच्या कोर्टात दावा लावला. जुन्या शहरात नवऱ्याची शेवटची ठाऊक असलेली भाड्याची खोली होती. बेलीफ समन्स घेऊन गेला आणि 'येथे राहत नाही' असा शेरा मारून परतला. मग कोर्टाच्या परवानगीनं पेपरात जाहीर नोटीस दिली. ती छापली, की त्याला कळलं असं कोर्ट धरतं. तो आला नाही. केस एकतर्फी चालली.

जजसाहेबांनी बाईंना विचारलं, मुलाविरुद्ध साक्ष कोणाच्या दबावाखाली देता का?

"नाही, साहेब. पोरगं माहं हाय, पन चूक त्याची हाय."

हुकूमनामा मिळाला. अपिलाची मुदत संपल्यावरच वरूडला लग्न झालं. मंगलाबाई मांडवात मुलीकडच्या म्हणून मिरवल्या.

आता बेपत्ता नवऱ्याची केस आली, की कलम ठरवण्याआधी मी त्याच्या आईशी बोलते. एकटीशी.