डाग नसलेला शर्ट

रोज सकाळी डहाणू स्टेशनवरून सुटणाऱ्या शेअर रिक्षात त्या मायलेकी माझ्या शेजारी बसायच्या. आईचं नाव मला अजूनही माहीत नाही. रिक्षा सुरू झाली की ती दातांत रिबीन धरून मुलीच्या वेण्या घालायची, मग तिच्या गालावरची पावडर पदराने सारखी करायची. मुलीचा शाळेचा शर्ट इतका पांढराशुभ्र असायचा, की मी घरी बायकोला सांगायचो, आई असावी तर अशी. आमच्या मुलाचा धुतलेला शर्ट दुसऱ्याच दिवशी शाईने आणि मातीने माखलेला असतो.

मी शाळेच्या अलीकडच्या नाक्यावर उतरायचो. परवा मला नरपडच्या एका वाडीतून चिकू आणायचे होते, म्हणून बसून राहिलो. शाळा आली, पण रिक्षा थांबली नाही आणि मायलेकींनी तिकडे पाहिलंही नाही. त्या माझ्याबरोबर वाडीवरच उतरल्या.

पत्र्याच्या खोलीतून मुलगी जुना फ्रॉक घालून बाहेर आली आणि चिकूंच्या ढिगाशी निवडायला बसली. आई शर्टाची घडी घालून पिशवीत ठेवत होती.

"आज शाळा नाही?" मी कसंबसं विचारलं.

"शाळेत कुठं जाते ती," आई शांतपणे म्हणाली. "शाळेचे कपडे असले ना, की रस्त्यात कोण काय विचारत नाय. इथं काढून ठेवायचे. चिकूचा चीक लागला तर डाग निघत नाय."

मुलीने मान वर केली नाही. माझ्यासाठी तिने मोठे मोठे चिकू निवडून दिले. त्या शर्टावर शाईचा एकही डाग का नव्हता, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.