चौथीच्या मुलांनी काढलेलं गाव

मंडळी, आज सकाळी माझी चौथीतली पणती वही घेऊन आली. "पणजोबा, मुळशीच्या धरणात गेलेलं गाव मला काढायचंय. कुणाचं घर कुठं होतं?" शाळेने सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं होतं.

मला काहीच सांगता येईना.

साठ सालच्या आसपास मी धरणाकाठी, त्या गावातून उठून आलेल्यांच्या वस्तीत मास्तर होतो; गाव बुडून तीसेक वर्षं झाली होती. माझ्या चौथीच्या मुलांनी हेच गाव शाळेच्या ओसरीवर कोळशाने काढायला घेतलं होतं. घरच्या म्हाताऱ्यांना विचारून यायची आणि रोज एकेक घर वाढवायची. मी काहीसुद्धा शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात तपासणीला साहेब येणार असल्याचं कळलं. मी म्हणालो, "हे पुस्तकात आहे का? सारवून टाका."

हौसा नावाची मुलगी शेणाची पाटी घेऊन उभी राहिली. "गुर्जी, आमच्या आज्याचं घर ऱ्हायलंय अजून. तेवडं काडू?"

"नको."

तिने सगळं सारवलं. साहेब म्हणाले, ओसरी छान ठेवलीय. मला केवढं बरं वाटलं होतं!

आता ते म्हातारे राहिले नाहीत. तुमच्या घरी त्या गावाचं कुणी काही सांगून गेलंय का? निदान हौसाच्या आज्याचं घर कुठं होतं, तेवढं तरी?