वाटा

आई पाटी घेऊन दारोदार मासळी विकायची. पावसाळ्यात वाळत घातलेली कोलंबी कुजायची, मग आम्ही नुसती पेज प्यायचो. घराण्यात पहिला पदवीधर मी. मासळी सुकवायच्या यंत्रासाठी मी इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली. यंत्र आलं, पण टेम्पो वाडीची घाटी चढेना. ड्रायव्हर म्हणाला, "परत नेतो."

इतक्यात डोक्याला टॉवेल बांधलेला एक अनोळखी म्हातारा पुढे आला. "मी वर्गणी दिलीय. दोरी कुठाय?" तळहातांवर थुंकून त्याने येणाऱ्याजाणाऱ्यांना दोरी ओढायला लावली, अगदी लग्नाला निघालेल्या नवरदेवालाही, मुंडावळ्यांसकट. यंत्र वर चढलं. पण कोणी हलेना.

"आता वाटे घाल," म्हातारा म्हणाला.

"काका, मी बी.कॉम. आहे. लोकवर्गणीत वाटे नसतात."

"किनाऱ्यावर रापणीची जाळी ओढताना ज्यानं दोरीला हात लावला, त्याला मासळीचा वाटा. कॉलेजात शिकवला नाय?"

पहिली कोलंबी सुकेपर्यंत सगळे अंगणात बसून राहिले. म्हाताऱ्याने सारखे ढीग घातले. नवरदेव म्हणाला, "माझा सासरी पाठवा."

म्हातारा पुन्हा दिसला नाही. आमचा धंदा आता बारमाही चालतो.