पुढच्या रांगेतला एक डोळा

हिरव्या प्रकाशाचा लेझर पॉइंटर मी हौसेने ऑनलाइन मागवला आणि पहिल्याच दिवशी ऑफिसच्या खिडकीतून समोरच्या माडाच्या शेंड्यावर मारून पाहिला. माझ्या वरिष्ठ, आमच्या बाई, म्हणाल्या, "माकडाच्या हाती कोलीत!" मी हसलो. मच्छीमारांना पडद्यावर चित्रं दाखवून जाळी आणि हवामानाबद्दल माहिती द्यायला आम्ही दोघं गावोगाव जायचो, आणि बाईंपेक्षा आपण आधुनिक आहोत अशी माझी समजूत होती.

बाईंचं बालपण पोफळीच्या कॉलनीत गेलं. वडील तिथल्या वीजगृहात होते. बटण दाबण्याआधी पलीकडे कोण आहे ते स्वतः जाऊन बघायचं, हे वळण त्यांना तिथलंच. त्यामुळे कार्यक्रमाआधी लोक बसणार तिथे त्या स्वतः जाऊन बसत आणि प्रकाश कुणाच्या डोळ्यावर उलटतो का ते बघायला मला पडद्यावर ठिपका मारायला लावत. कंटाळा येई मला, खरं सांगतो.

पूर्णगडच्या बैठकीला बाईंना वाटेत उशीर झाला. देवळाच्या सभामंडपात लोक जमले होते, चहाही झाला होता. भिंतीवर देवांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या. त्या काढायच्या कशा, म्हणून मी त्यांच्यावरूनच एक धुवट धोतर ताणून बांधलं. झाला पडदा! बसून बघण्याचं काम मी सोडून दिलं. अंधार हवा म्हणून दारं लावली आणि सुरुवात केली.

मला हातवारे करत बोलायची खोड, आणि बोट बटणावरच. विरळ धोतरातून किरण आरपार गेला, मागच्या तसबिरीच्या काचेवर आपटला आणि उलटा आला. पहिल्या रांगेत एक म्हातारे तांडेल, होडीचे प्रमुख, बसले होते. हिरवा ठिपका त्यांच्या गालावरून वर सरकला. त्यांनी झटकन पंजा डोळ्यासमोर धरला.

तेवढ्यात बाई दारातून आल्या. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. त्या सरळ माझ्यापर्यंत आल्या आणि पॉइंटर मुठीत झाकून काढून घेतला. मग दारं उघडून तांडेलांपाशी खाली बसल्या.

"दिसतंय ना, काका?"

"दिसतंय, बाई. पन माजा ह्यो येकच डोला हाय. दुसरा कवाच गेला. ह्याच्यावरच होडी खाडीत घेतंय मी."

खाडीच्या तोंडाशी वाळू सरकते. होडीतल्या सात-आठ जणांचा जीव त्या एका डोळ्यावर असतो. लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

बाईंनी बैठक तिथेच थांबवली आणि तांडेलांना आमच्याच गाडीतून रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यात थेंब घालून डॉक्टरांनी आत नीट पाहिलं. इजा नव्हती. बाहेर आल्यावर बाई मला एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी तू बसून बघ." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढा संयम कुठून आणतात, देव जाणे! माझ्यापेक्षा त्या किती मोठ्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

पूर्णगडच्याच राहिलेल्या बैठकीला मी तासभर आधी पोचलो. तसबिरी उतरवल्या, पडदा बांधला, पहिल्या रांगेत जाऊन बसलो. दाखवायला पॉइंटरऐवजी चिव्याच्या बांबूची लांब काठी घेतली होती.

लोक यायला लागले तसा मी उठून पडद्याशी उभा राहिलो. तांडेल आले, काठीकडे पाहून हसले, आणि पुन्हा त्याच जागी, अगदी माझ्यासमोर येऊन बसले.