भोये सरांची सही

पहिल्या नंबरचं मशीन मी तिसऱ्यांदा बंद करून चालू केलं. तिसऱ्यांदाही तेच. हिरवी टेकडी, निळं आकाश आणि डाव्या कोपऱ्यात स्टार्टचं बटण. ही सिस्टीम मी या मशीनवर टाकलेलीच नव्हती.

"मॅडम, पोरांचं फोल्डर कुठं गेलं?" मागे उभ्या असलेल्या भोये सरांनी विचारलं.

काय झालंय ते मला कळलं होतं, पण ते तोंडातून काढायचा धीर होत नव्हता.

पेठच्या पुढे, घाट उतरल्यावर लागणाऱ्या एका आश्रमशाळेतली ही गोष्ट. मी तेव्हा नाशिकला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवत होते. गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी "इंजिनिअर कुठे गेलेत?" असं विचारायचं, आणि मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला की गप्प व्हायचं. शाळांची कामं मी हौसेने घ्यायचे आणि प्रत्येक शाळेत लिनक्सचं तुणतुणं वाजवायचे.

कॉम्प्युटर चालायला आत एक मूळ प्रोग्रॅम लागतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम, थोडक्यात ओएस म्हणतात. सगळीकडे दिसते ती, स्टार्टच्या बटणाची, विकत घ्यावी लागते, आणि शाळा ती विकत घेत नसत. कोणीतरी चोरीची सीडी आणायचं, तीच तालुकाभर फिरायची. ज्या भिंतीला टेकून ते कॉम्प्युटर ठेवलेले असत तिच्यावर ‘चोरी करू नये’ असा सुविचार रंगवलेला असायचा. लिनक्स ही दुसरी सिस्टीम. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली. कोणीही घ्यावी, वाटावी, आत काय आहे ते उघडून बघावं, हवं तसं बदलावं. सगळं राजरोस.

हे मी शाळाशाळांत सांगत फिरायचे. शहरातल्या एका हेडमास्तरांनी चहा पाजून विचारलं, "फुकट देताय, म्हणजे तुमचा फायदा काय?" मी म्हटलं, "काही नाही." त्यांनी कप खाली ठेवला आणि मला दारापर्यंत सोडायला आले.

आश्रमशाळेच्या हेडसरांनी मात्र फायदा विचारला नाही. सातपूरच्या एका कारखान्याने काढून टाकलेले बारा जुने कॉम्प्युटर शाळेला मिळाले होते. मी ते झाडून-पुसून, लिनक्स घालून चालू केले. हेडसरांनी मराठी शिकवणाऱ्या भोये सरांना बोलावलं, "हे आजपासून तुमच्याकडे," असं सांगितलं आणि मोकळे झाले.

भोये सर त्याच भागातले, कोकणी बोलणाऱ्या घरातले. ही समुद्राकडची कोकणी नव्हे, इथल्या डोंगरातली. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला एक वही दाखवली. पानाच्या डाव्या बाजूला पहिलीच्या पुस्तकातले शब्द, उजवीकडे घरातले.

"पुस्तकात मुलगा असतो, घरी पोसा असतो," ते म्हणाले. "पुस्तकात म्हातारी, घरी डोसी. पोरगं सहा महिने नुसतं तोंडाकडं बघत बसतं. मग मास्तर म्हणतो, मंद हाय. मी पण बसलो होतो तसा."

मग काम सुरू झालं. सातवी-आठवीची मुलं सुट्टीत घरी जायची आणि शब्द विचारून आणायची. शब्द, त्याचं एक वाक्य, आणि सांगणाऱ्याचं नाव. परत आली की टाइप करायची. त्या काळी मराठी टाइप केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की बहुधा नुसती चिन्हांची खिचडी दिसायची. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. लिनक्सवर आम्ही युनिकोड वापरलं, म्हणजे कुठेही उघडा, ‘अ’ हा ‘अ’च दिसणार. जुन्या मशीनला झेपावं म्हणून सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. बारा जागी टाइप झालेलं सगळं पहिल्या नंबरच्या मशीनवर साठायचं. दोन वर्षं हे चाललं. पुढच्या जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या पोरांच्या हातात त्याची पुस्तिका द्यायची, असं सरांनी ठरवलं होतं.

आणि मी त्यांना सांगून ठेवलं होतं, "लिनक्सला व्हायरसची भीती नाही, निर्धास्त राहा." या वाक्याचा मला भारी अभिमान होता. इतका, की दुकानात सीडी रायटर असताना मी त्या फायलींची एक कॉपी काढली नाही. पुढच्या खेपेला काढू, असं दर खेपेला ठरायचं. हे मी आधीच कबूल करते, कारण पुढे मला इतरांवर तोंड सोडायचं आहे.

फोल्डर गेलेलं बघून आम्ही हेडसरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून दिला. दिवाळीच्या सुट्टीत दोन माणसं जीपमधून येऊन गेली होती. शाळांतल्या लॅब तपासायच्या आणि बंद असतील त्या चालू करून द्यायच्या, असं कंत्राट खात्याने कोणाला तरी दिलं होतं. शाळेत फक्त शिपाई होता, त्याने कुलूप काढून दिलं. कागदावर लिहिलं होतं: एकूण संगणक बारा. तपासणीवेळी चालू, शून्य. दुरुस्तीनंतर चालू, बारा. खाली लॅब सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या सहीची जागा रिकामी होती.

"शून्य कसे?" मी विचारलं.

"स्टार्टचं बटण येत नव्हतं म्हणे."

"लिनक्सला ते नसतंच. दुसरं असतं."

"मला काय कळतं मॅडम त्यातलं. ते इंजिनिअर होते."

"आणि मी कोण आहे?"

हेडसर खिडकीबाहेर बघायला लागले. भोये सर सही करायला तयार नव्हते. चालू मशीनला बंद कसं म्हणू, एवढंच ते म्हणत होते.

पहिलं मशीन आता कोणी चालू करायचं नाही, असं मी बजावलं. डिस्क पुसली म्हणजे सगळं लगेच जात नाही. वहीची अनुक्रमणिका फाडल्यासारखं होतं, पानं आत असतात. पण नवीन काही लिहिलं की ते त्या पानांवरच गिरवलं जातं. नव्या सिस्टीमने काही पानं आधीच गिरवली होती. मी डिस्क काढून पिशवीत घातली आणि मशीन रिकामं दिसू नये म्हणून माझ्याकडची दुसरी बसवली.

नाशिकला उतरल्यावर दुकानात न जाता थेट कंत्राटदाराचं ऑफिस गाठलं. जीपमधल्या दोघांपैकी एक तिथे भेटला. चोवीस-पंचवीसचा, गळ्यात ओळखपत्र.

"मशीन चालू केल्यावर काय दिसलं?" मी विचारलं.

"काहीतरी वेगळंच, मॅडम. पासवर्ड मागत होतं."

"म्हणजे चालू होतं."

"पण ओएस नव्हती ना त्यात."

"मग पासवर्ड कोण मागत होतं, शिपाई?"

तो हसला. मी हसत नाही हे बघून थांबला. "आपली सीडी टाकली तर अननोन पार्टिशन दाखवलं. म्हणजे कचरा. डिलीट करून फॉरमॅट मारला. एका दुपारी बाराही उरकली."

पार्टिशन म्हणजे डिस्कमधला कप्पा. त्या सीडीला लिनक्सचा कप्पा ओळखता येत नाही, म्हणून ती अननोन म्हणते. एवढाच त्याचा अर्थ. "तुला जे ओळखता येत नाही तो कचरा, असं कुठल्या कोर्सला शिकवलं?" मी विचारलं. मी सीडी मागितली. त्याने बॅगेतून काढली. वर मार्कर पेनने नाव लिहिलेली, घरी उतरवलेली कॉपी. सरकारी शाळेतली कायदेशीर सिस्टीम काढून चोरीची टाकली होती, आणि त्याला दुरुस्ती म्हटलं होतं. आणखी दोन मिनिटं थांबले असते तर मी त्या पोराच्या कानाखाली आवाज काढला असता. खरं म्हणजे तो तिथे कोणाच्या तरी हुकमावरून गेला होता, आणि हुकूम देणारा आतल्या केबिनमध्ये मला भेटायला वेळ नाही असं सांगत होता.

दुकानात डिस्क लावून मी एक प्रोग्रॅम सोडला. तो डिस्कचा कण न् कण वाचतो आणि अक्षरांसारखं जे सापडेल ते बाजूला काढतो. काम गोगलगायीच्या चालीने होतं. तिसऱ्या दिवशी पहिले तुकडे आले. मधूनच सुरू होणारे, मधूनच तुटणारे. पण शब्द वाचता येत होते. मी भोये सरांना फोन केला आणि वाचून दाखवले. ते नुसते "हां, हां" म्हणत राहिले.

पाचव्या दिवशी त्यांना खात्याची नोटीस आली. कंत्राटदाराची माणसं मशीनवर स्टिकर लावायला गेली होती. पहिल्या मशीनमधल्या डिस्कचा नंबर रिपोर्टातल्या नंबराशी जुळला नाही. ‘शासकीय साहित्याची विनापरवाना अदलाबदल’ केल्याचा खुलासा मागितला होता, आणि डिस्क ताबडतोब परत. परत गेली असती तर तिच्यावर पुन्हा तीच सीडी चालली असती.

भोये सर आणि मी खात्याच्या नाशिकच्या ऑफिसात साहेबांसमोर जाऊन बसलो. अदलाबदल मी केली, नोटीस मला द्या, असं मी आधीच सांगून टाकलं. ते त्यांनी न ऐकल्यासारखं केलं.

"डिस्क जमा करा," साहेब म्हणाले.

"अजून पंधरा-वीस दिवस लागतील. आत मुलांचं दोन वर्षांचं काम आहे."

"आत काय असणार? रिपोर्टप्रमाणे मशीन बंद होतं."

"रिपोर्ट खोटा आहे."

साहेब मला सोडून भोये सरांशी बोलायला लागले. "भोये, या रिपोर्टवर तुमची सही राहिलीय. ती करा. बंद मशीनची डिस्क दुरुस्तीला पाठवली होती, असं मी लिहून घेतो. महिनाभर ठेवा. नाहीतर अदलाबदलीची चौकशी लागेल. नोकरी किती राहिली तुमची?"

"पुष्कळ हाय साहेब."

"सर, सही करायची नाही," मी म्हणाले. "खोटं आहे ते. आपण वर जाऊ."

भोये सर साहेबांकडेच बघत होते. "महिना नक्की ना साहेब?" त्यांनी विचारलं. साहेब हो म्हणाले. सरांनी खिशातलं पेन काढलं आणि सही केली.

जिन्यात मी त्यांच्यावर तुटून पडले. त्या दिवशी मला साहेबांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला होता. "ज्या मशीनवर पोरांनी दोन वर्षं काम केलं, ती बंद होती असं लिहून दिलंत तुम्ही."

"दिलं," ते म्हणाले. "मॅडम, शब्द आणणाऱ्या पोरांतली निम्मी आईबापासंग निफाडकडं द्राक्षाच्या बागांवर गेलीत. त्यातली किती परत येतील, माहीत नाय. त्यांना पुन्हा कुठं विचारू? तुम्ही वर जाल तोवर डिस्क पुसून होईल. मला शब्द पायजेत."

त्यांचं खरं होतं, आणि त्यामुळे राग आणखीच वाढला.

महिन्याभरात निम्म्याहून थोडे जास्त शब्द निघाले. बरेचदा शब्द होता, पण सांगणाऱ्याचं नाव तुटलेलं. भोये सरांनी हे सगळं पुन्हा जुळवलं, आणि जूनमध्ये पहिलीच्या पोरांच्या हातात झेरॉक्सची पुस्तिका पडली. ठरवली होती त्याच्या अर्ध्या जाडीची. ती बारा मशिनं वर्षभरात पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसनी भरली आणि एकेक करून खरोखर बंद पडली. तेव्हा तपासायला कोणी आलं नाही.

पुढच्या वर्षी मी देवळ्याच्या एका शाळेत लिनक्सबद्दल बोलायला गेले. हेडमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ड्रॉवरमधून एक झेरॉक्स काढली. भोये सरांच्या सहीची.

"ही तुमचीच सिस्टीम ना? बाराही कॉम्प्युटर बंद पडले होते म्हणे. लॅबच्या सरांनीच लिहून दिलंय."

खरं सांगितलं असतं तर भोये सरांनी सरकारी कागदावर खोटी सही केली, असं झालं असतं. मी चहा संपवला आणि निघाले. नांदगावलाही तोच कागद निघाला. कंत्राटदाराने तो जिल्हाभर वाटला होता, आपल्या कामाची जाहिरात म्हणून. त्यानंतर शाळांनी मला बोलावणं हळूहळू बंद केलं. मीही जायचं सोडलं. दुकान चालू होतं, पोट भरत होतं. पण तो कागद आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

गेल्या वर्षी भोये सर निवृत्त झाले. पेन्शन सुरू झाल्याचं सांगायला त्यांनी फोन केला. मी विचारलं, "आता लिहू का?" ते म्हणाले, "लिहा."

या कामात नव्याने पडणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की फायलींची कॉपी त्याच दिवशी काढा, आणि तपासणारा यायच्या आधी, मशीन चालू आहे असं हेडमास्तरांच्या सहीने लिहून घ्या. नंतर घसा फोडून काही उपयोग होत नाही. भोये सरांच्या सहीचा तो कागद अजून कुठल्यातरी फायलीत असेल. त्यावरचा मजकूर खोटा आहे. बाराही कॉम्प्युटर चालू होते.