रुसैलची धुतलेली खोली

माझा नवरा शुक्रवारी गेला. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवारची, आणि आम्हा नवराबायकोला भेटायला तेवढा एकच दिवस मिळायचा. तो रुसैलच्या एका कारखान्यात होता, राहायला कंपनीची खोली. मी मदिनत सुलतान काबूसमध्ये एका पुण्याच्या कुटुंबाकडे स्वयंपाक करायचे, मुलं सांभाळायचे आणि तिथंच मागच्या खोलीत झोपायचे. एकाच देशात दोघं आणि संसार आठवड्यातून एका दुपारचा. लोक हसायचे. हसेनात का. गावातल्या बायकांना नवरा दोन-दोन वर्षांनी दिसायचा, त्यांच्यापेक्षा माझं बरं होतं.

त्या दिवशी मी सांदणं केली होती, वहिनींच्या इडलीपात्रात. वहिनी म्हणजे माझी मालकीण. डबा घेऊन कुरुमला आमच्या नेहमीच्या जागी, दुकानांच्या सावलीत जाऊन उभी राहिले. तो आला नाही. ऊन चढलं तसा माझा पाराही चढला. येऊ दे एकदा, असा झाडते की पुढच्या शुक्रवारी पहाटे फजरच्या बांगेलाच हजर होईल, असं मनात घोळवत उभी होते.

आला तो चाचा. नवऱ्याच्या खोलीत चौघं होते, चौघंही रत्नागिरीकडचे, आमच्या खाडीकाठच्या एकाच गावातले. परमुलखात गेलं तरी आमची माणसं गाव सोडत नाहीत, खाट मिळवायची तर आपल्या गाववाल्याशेजारीच. चाचा त्यांच्यात वडीलधारा. नमाज तो पढवायचा, भांडणं तो मिटवायचा, कोणी सुट्टीवर जायचं तेही तोच ठरवायचा. 'गाव करील ते राव काय करील' हे त्याचं पेटंट वाक्य. दुसरा कंपनीची बस चालवायचा. तिसरा वेल्डर, तिशीतला, लग्न न झालेला, आईबाप केव्हाच वारलेले. आणि चौथा माझा नवरा.

चाचा म्हणाला, "बेटी, तो पडला. डोक्याला लागलं. अल्लाची मर्जी."

मी डबा त्याच्या हातात दिला. का दिला, माहीत नाही. रडले नाही, ओरडले नाही. दुकानाच्या काचेत एक बाई उभी दिसत होती, ती मीच होते.

झालं होतं ते असं. सकाळी तो खोलीत पालथा पडलेला होता, डोक्यामागं रक्त. आमच्या गावात माणूस गेला की हातावर हात ठेवून कोणी बसत नाही. मयताला आंघोळ घालायची, पांढऱ्या कापडात गुंडाळायचं, दिवस मावळायच्या आत माती द्यायची. ताटकळत ठेवलं तर मयताचे हाल. मग घर धुवायचं, बिछाना उन्हात टाकायचा, कपडे गरिबाला देऊन टाकायचे. या तिघांनी ते सगळं जसंच्या तसं रुसैलमध्ये केलं. फरशी फिनेलनं धुतली, भिंत पुसली, रक्ताची चादर फेकली, त्याचे शर्ट फाटकाजवळच्या झाडूवाल्याला दिले. आणि कंपनीच्या पिकअपमध्ये मयत घालून जवळचं कब्रस्तान शोधायला निघाले. फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. डॉक्टरचा कागद नाही, पोलिसांना खबर नाही, चाललात कुठं? तिथून पुढं सगळं पोलिसांच्या हातात गेलं.

डॉक्टर म्हणाले, हा पडला नाही, याला मागून जड वस्तूनं मारलंय. पोलीस खोलीत गेले तर खोली आरशासारखी स्वच्छ. जड वस्तू नाही, डाग नाही, कपडे नाहीत.

वहिनी म्हणाल्या, "अगं, सगळा पुरावाच धुऊन टाकला की गं त्यांनी."

मला त्यांचा राग आला. त्यांना वाटलं, धुणाऱ्यांनी मुद्दाम धुतलं. पण मी तिथं असते तर मीही बादली घेऊन बसले असते. खून करणाराही धुणारच आणि न करणाराही धुणारच, आमच्यात यावरून काही कळत नाही. हे त्या पोलिसांना कोणी समजावून सांगावं?

तिघांनाही धरलं. थोड्या दिवसांनी बातमी आली, वेल्डरनं कबूल केलं. उरलेल्या दोघांना सोडलं, पण कंपनीनं त्यांचा व्हिसा रद्द केला. खलास, घरी जा.

मी तेव्हा इद्दतीत होते. नवरा गेल्यावर बाईनं काही महिने घरातच राहायचं, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. वहिनी देवधर्म करणाऱ्या, पण त्यांनी माझी इद्दत माझ्यापेक्षा कडक पाळली. बाजारहाट स्वतः केला, घरी पाहुणे आले की मला आत बसवलं. मी पोळ्या लाटायचे, भाजी चिरायचे. आत काही हलत नव्हतं. गोष्टी कानावर यायच्या आणि तिथंच थांबायच्या. वहिनींची धाकटी एकदा माझ्याजवळ बसून म्हणाली, "मावशी, तू सॅड हाय का?" मराठी तिला तेवढंच यायचं. मी म्हटलं, "नाही बाळा, कांदा चिरतेय." कोबी होता.

देशी परतण्याआधी चाचा आणि ड्रायव्हर माझ्याकडे आले. मी स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटून आत उभी राहिले, ते बाहेर अंगणात. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. चाचाच्या चपला, ड्रायव्हरचे बूट.

चाचानं समजावून सांगितलं. या देशात खुन्याला मौत की माफी हे मेलेल्याच्या घरच्यांच्या हातात असतं. गावाहून सासूनं माफी लिहून दिली आहे, गावच्या जमातीची पंचमंडळी तिच्या घरी जाऊन आली. आता फक्त तुझी सही.

"घरची गोष्ट आहे बेटी. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू मोठ्या मनाची, सगळ्या गावाला ठाऊक आहे."

मी विचारलं, "भांडण कशावरून झालं म्हणे?"

"एसीसमोरच्या खाटेवरून. जवानीचा गुस्सा."

माझ्या नवऱ्याला एसीची हवा सोसायची नाही. कानात कळा यायच्या. तो दाराजवळच्या खाटेवर डोक्याला मफलर बांधून झोपायचा, मीच तो मफलर विणून दिला होता. एसीच्या खाटेसाठी तो भांडेल? कोणी फुकट दिली असती तरी घेतली नसती.

"कोणी मारलं ते खरं सांगा," मी म्हटलं. "या क्षणी माफ करते."

चपला हलल्या नाहीत. बूट थोडे मागं सरकले. चाचा म्हणाला, "तो म्हणतोय ना मी मारलं. आणखी काय पाहिजे?"

"मग नाही देत सही."

दार लावून घेतलं. त्यांना वाटलं होतं, विधवा बाई, गावची लेक, जमात सांगेल तिथं अंगठा उठवेल. त्या हिशोबावरच त्यांनी वेल्डरला पुढं केलं होतं, हे मला तेव्हा लख्ख कळलं. ज्याच्यामागं रडायला कोणी नाही, तो उभा करायचा. माफी मिळणारच आहे, मग कोणीही उभा केला तरी काय फरक पडतो? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्या दिवशी मला पहिल्यांदा चीड आली, आणि ती कुणावर काढावी ते कळेना म्हणून मी वहिनींच्या पितळी डब्यांवर काढली. अख्खी मांडणी घासून काढली.

इद्दत संपली. वहिनी मला त्यांच्या गाडीतून तुरुंगात घेऊन गेल्या. जाळीपलीकडे वेल्डर आला. हा माणूस माझ्या नवऱ्याबरोबर शर्ट पाठवायचा, बटणं लावायला. गळ्याची हाडं वर आली होती.

मी म्हटलं, "एसीच्या खाटेची थाप कोणाला मारतोस?"

तो हसल्यासारखं करून खाली बघत बसला. मग म्हणाला, "भाभी, मी आंघोळीला गेलो होतो. जुम्म्याची आंघोळ. बाहेर आलो तर दोघं फरशी धूत होते. भाईला झाकलेलं होतं. मी काही विचारलं नाही. मीपण बादली उचलली."

"दोघांपैकी कोण?"

"कसम घेऊन सांगतो, माहीत नाही. नंतर चाचा म्हणाला, आम्हा दोघांना लेकरं आहेत. तू हो म्हण, भाभी आठवड्यात माफ करेल, पुढचं गाव बघून घेईल. मी म्हटलं, गाव म्हणतंय तर ठीक." पुढं म्हणाला, "भाभी, तुम्ही माफी नाही दिली तर मी मरेन. दिली तर जन्मभर खुनी. तुम्हाला सुचेल ते करा."

हे सगळं वहिनींनी इंग्रजीत अधिकाऱ्याला सांगितलं. तो सभ्य माणूस होता. म्हणाला, ते दोघे देश सोडून गेले, कबुली याच्याच तोंडची आहे, पुरावा मॅडम तुम्हीच सांगा कुठला आहे. पुरावा रुसैलच्या गटारातून वाहून गेला होता. मी सही केली. परत येताना वहिनी रडत गाडी चालवत होत्या, आणि मी रात्रीसाठी डाळ भिजवलीय का तेवढं आठवत होते.

त्याला देशी पाठवलं. मी ओमानमध्येच राहिले, वहिनींची मुलं मोठी झाली, त्यांचं कुटुंब पुण्याला परत गेलं तेव्हा नव्या शतकाची दोनचार वर्षं होऊन गेली होती. मी गावाला आले. सासू तोवर गेली होती.

चाचा गावच्या मशिदीत नमाज पढवत होता, हज करून आला होता. ड्रायव्हरनं रिक्षा घेतली होती. वेल्डर खाडीच्या तोंडाशी, काठावर ओढून ठेवलेल्या एका मोडक्या पडावाशेजारी झोपडं करून राहत होता. वेल्डिंगला त्याला कोणी बोलवत नव्हतं. रस्त्यात त्यानं सलाम केला तर लोक दुसरीकडे बघायचे. आणि मला मात्र बायका म्हणायच्या, "काय तुझं काळीज, माफ केलंस." ऐकून ऐकून माझे कान किटले. माफ केलं म्हणजे यानंच मारलं, हे त्यात पक्कं बसलेलं. मी किती जणींना सांगितलं, यानं मारलं नाही. त्या मान हलवायच्या आणि मला आणखी मोठ्या मनाची ठरवायच्या.

शेवटी मी त्याच्या झोपड्यापाशी गेले आणि म्हटलं, "माझ्याशी निकाह कर."

तो घाबरलाच. "भाभी, लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते आपण दोघं ऐकतोच आहोत. नवऱ्याच्या खुन्याशी कोणती बाई निकाह लावेल, एवढं तरी त्यांच्या टाळक्यात शिरेल."

प्रेम होतं का, असं कोणी विचारलं तर सांगते, नव्हतं. त्या वेळी माझ्या आत कशाचंच काही नव्हतं. पण तो माणूस माझ्या एका सहीनं जिवंत होता आणि त्याच सहीनं मेला होता, आणि ते मला सोसत नव्हतं.

निकाहाला दोन गवाह लागतात. ते नवरीनं सुचवायची आमच्यात पद्धत नाही. मी सुचवले. जुम्म्याच्या नमाजीनंतर मशिदीबाहेर, सगळ्या गावासमोर माझ्या भावाकरवी निरोप दिला की गवाह म्हणून चाचा आणि ड्रायव्हर बसतील, माझा पहिला नवरा आणि हा नवरदेव, दोघांना त्यांनीच जवळून पाहिलंय. खरं सांगते, दोघंही येतील आणि दाढ्या कुरवाळत बसतील असंच मला वाटलं होतं.

निकाहाच्या दिवशी माझ्या भावाच्या पडवीत सतरंजी टाकली. काझी आला, गाव आलं. मी आत, पडद्यामागं. ड्रायव्हर आला आणि नवरदेवासमोर बसला. दुसऱ्या जागेवर कोणी येईना. चहा झाला, काझीनं दोनदा घड्याळ बघितलं. मग चाचाची सून आली आणि म्हणाली, अब्बांचं ब्लडप्रेशर वाढलंय, ते येऊ शकत नाहीत.

तासाभरापूर्वीच चाचानं मशिदीत नमाज पढवली होती आणि अर्ध्या गावानं ती त्याच्यामागं उभं राहून पढली होती. काझी म्हणाला, दुसरा कोणीतरी बसा. माझा चुलतभाऊ बसला. निकाह झाला.

जेवणं वाढली तेव्हा ड्रायव्हर पडद्याजवळ आला. म्हणाला, "भाभी, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. तोंड उघडायची हिंमत नाही झाली."

मी विचारलं, "का मारलं त्यानं?"

"तेव्हाही कळलं नाही. भाई उलट बोलला, एवढंच. चाचाला कोणी उलट बोलत नसे."

मला वाटलं, आता तरी काहीतरी फुटेल. नाही फुटलं. मी म्हटलं, "जेवून जा, भात निवतोय."

चाचा पुढं बरीच वर्षं जगला. नमाज तोच पढवायचा, गाव त्याच्यामागं उभं राहायचं, त्याला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. फक्त निकाहाच्या दुसऱ्या सकाळी माझा नवरा पाव आणायला बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तो दारातच बसला, हातातला पाव तसाच, आणि हुंदके देऊन रडायला लागला. मी घाबरून विचारलं, काय झालं, कोणी काही बोललं का.

"हो," तो म्हणाला. "दुकानदारानं मला सलाम केला."