पापाचा नमुना

"उभी राहा गं."

सरांनी बोट केलं आणि मी उभी राहिले. खोपोलीच्या आमच्या चर्चमधला शनिवारचा वर्ग. प्रोटेस्टंट लोकांनी कित्येक पिढ्यांपूर्वी विलायतेत लिहिलेला विश्वासाचा अंगीकार, म्हणजे काय काय मानायचं त्याची कलमं, आम्ही शिकत होतो. एकेक प्रकरण. तो शिकून मंडळीपुढे कबूल केला की प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीची भाकर हातात मिळते. मला ती हवी होती. फार हवी होती. आईबरोबर वाडीवरून चालत यायचे ते त्यासाठीच.

त्या दिवशी प्रकरण माणसाच्या पतनाचं. सर निवृत्त मुख्याध्यापक, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, चौक गावात रस्त्याला लागून जमीन. म्हणाले, "पापानं माणूस किती सडतो ते कागदात कशाला शोधता? हिच्याकडे बघा. कातकरवाडी. दारू, भगत, कोंबडं. बापाचा पत्ता नाही. हा नमुना."

वर्ग हसला. फार मोठ्यानं नाही, देवाच्या घरात हसतात तेवढंच.

मागे चपलांजवळ आई बसली होती. तीही हसली. सर हसले की हसायचं, एवढंच तिला ठाऊक. वीटभट्टीवर मालकापुढे ती अशीच हसायची. माझा अपमान मी गिळला असता. तिच्या त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

हातात त्या प्रकरणाची झेरॉक्स होती. तिच्यात कुठंच कातकरी नव्हते. पहिला माणूस पडला आणि त्याच्या पोटचे सगळे पडले, असं होतं.

"सर, हितं सगळी माणसं लिवलंय. तुमीबी त्यात हाय. मंग ऱ्हावा की उभं."

हसू थांबलं. सर लालबुंद झाले. "शिकवलं म्हणून तोंड फुटलंय हिला. माफी माग. नाहीतर प्रभुभोजन विसर."

आई धावत आली. माझा हात धरला. "माग गं बाय. काय जातंय आपलं?"

काय जातंय? सगळंच तर जात होतं.

"नाय मागायची," मी म्हटलं. सरांकडे बघून म्हटलं.

पुढच्या रविवारी मी पहिल्या बाकावर बसले, आईला शेजारी ओढून. भाकरीचं ताट सरांच्याच हातात होतं. ते माझ्यासमोरून पुढं गेलं. मी हात केला नाही. रडलेही नाही.

लोक विचारतात, मग त्या चर्चला जातेस कशाला? का नाही जायचं? देव काय सरांच्या सातबाऱ्यावर चढलाय?

मी जाणार. आई आता चपलांजवळ बसणार नाही. माझ्या पापाची कबुली मी देवाला देईन, माझ्या वाडीची कुणालाच देणार नाही. ज्या दिवशी सर वर्गापुढे उभे राहून "मीही त्यातलाच" म्हणतील, त्या दिवशी मी भाकरीला हात लावीन. तोवर ताट जाऊ दे पुढं.